रॅपिड सुरू झाली की पिस्तूल अडकतं: दोष कसा शोधायचा, आणि नवं घ्यायचंच असेल तर काय पारखायचं

२५ मीटर स्पोर्ट पिस्तूल झाडणाऱ्या मुलामुलींकडून एक तक्रार दर हंगामात येते. प्रिसिजनची, म्हणजे सावकाश नेम धरून झाडायची, फेरी सुरळीत जाते आणि रॅपिड, म्हणजे झटपट झाडायची फेरी, सुरू झाली की पिस्तूल अडकायला लागतं. बोल्ट (मागे-पुढे सरकणारा पोलादी ठोकळा) मागे खेचायचा, अडकलेलं काढायचं, पुढची मालिका कशीबशी पार पाडायची. घरी नेऊन साफ केलं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. असं दोन-चार वेळा झालं की पालक विचारतात, "सर, हे विकून दुसरं घ्यावं का? कुठलं जास्त भरवशाचं?"

घाई नको. परवाना, राष्ट्रीय रायफल संघटनेकडची नोंदणी, आयात, कस्टम्स असे सगळे सोपस्कार करून आणलेलं पिस्तूल दोन महिन्यांत तसंच अडकायला लागलेलं मी पाहिलं आहे, कारण जुन्या पिस्तुलाबरोबरची मॅगझिन बदलली तरी काडतुसं, साफसफाईची पद्धत आणि धरणारा हात तेच होते. अडकणं पुन्हा पुन्हा येतं याचं मोठं कारण असं की आपण ते दर वेळी झटक्यात मोकळं करतो आणि ते कसं अडकलं होतं याचा पुरावा आपल्याच हातानं पुसून टाकतो. पिस्तूल बदलायच्या आधी हा पुरावा वाचायला शिकायला हवं. नवं पिस्तूल पारखतानाही तोच डोळा उपयोगी पडतो.

आत नेमकं काय घडतं

.२२ लाँग रायफल काडतुसातली शिशाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसात ती सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगानं निघते. ज्या वायूच्या दाबानं गोळी पुढे जाते, तोच दाब पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याला, मागे रेटतो आणि पुंगळी बोल्टला रेटते. या पिस्तुलांत बोल्ट कुठे कुलूपबंद झालेला नसतो. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच त्याला धरून ठेवतं. त्या इवल्याशा धक्क्यातून पुंगळी बाहेर ओढायची, ती फेकायची, घोडा चढवायचा आणि स्प्रिंग दाबायची. मग त्याच स्प्रिंगनं बोल्ट पुढे ढकलून मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत, सारायचं. एवढी सगळी कामं मोजक्या शक्तीत होत असतात. चेंबरमधली काजळी थोडी खाते, बोल्ट ज्यांवर सरकतो त्या रुळांवरचं चिकट तेल थोडं खातं, सैल मनगट थोडं खातं. एकेकटं यातलं काहीच पिस्तूल थांबवत नाही, बेरीज झाली की थांबवतं. साफ केल्यावर आठवडाभर बरं चालतं ते त्यामुळेच. बेरजेतला एक आकडा तुम्ही कमी केलेला असतो, बाकीचे तसेच असतात.

रॅपिडलाच का, याचंही उत्तर यात आहे. नियमाप्रमाणे आधी प्रिसिजनच्या ३० गोळ्या होतात, त्याआधी सरावाच्या गोळ्या. रॅपिड सुरू होताना चेंबर आणि बोल्टचं तोंड तेवढं काळवंडलेलं असतं. शिवाय प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटं असतात, हात वर नेऊन, मनगट घट्ट करून, सावकाश चाप ओढता येतो. रॅपिडमध्ये लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, आणि प्रत्येक वेळी हात ४५ अंशांखालून वर यायचा असतो. तेवढ्यात मूठ थोडी तरी सैल पडते. म्हणून पहिली चाचणी स्वस्तात करता येते: एक दिवस चेंबर स्वच्छ करून सरळ रॅपिडनं सुरुवात करा. अडकलं नाही, तर दोष साचणाऱ्या घाणीकडे बोट दाखवतो. स्वच्छ असूनही अडकलं, तर मनगट, मॅगझिन किंवा स्प्रिंगकडे वळा.

हात लावण्याआधी बघा

अडकलं की नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवायची, बोट चापावरून काढायचं आणि काही न करता नुसतं बघायचं. बोल्ट कुठे थांबला आहे? पुंगळी दिसते का? नवं काडतूस दिसतं का, आणि त्याचं नाक कुठे टेकलंय? सरावात मोबाइलवर फोटो काढून ठेवायला हरकत नाही, मात्र तो शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकानं काढावा. पिस्तूल हातात असलेल्यानं मोबाइलला हात लावू नये.

चाप ओढला आणि फक्त 'टक्' झालं, तर किमान ३० सेकंद नळी लक्ष्याकडे धरून थांबा. बार उशिरा होऊ शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका, 'पुटकन्' आला, तर तिथेच थांबायचं. मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडायचा, चेंबर रिकामं आहे याची खात्री करायची आणि नळीत गोळी अडकली नाही हे पाहिल्याशिवाय दुसरी झाडायची नाही. यात मी कुणालाही सूट देत नाही, राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूलाही नाही.

स्पर्धेत तर ही सवय थेट गुणांशी जोडलेली आहे. पिस्तूल अडकल्यावर मूठ न सोडता, नळी लक्ष्याकडे ठेवून रिकामा हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवायचं, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. अधिकाऱ्यानं बघण्याआधी तुम्ही बोल्ट खेचला, तर दोष खरोखर यंत्राचा असला तरी तो अमान्य ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्या शून्य धरल्या जातात. सेफ्टी काढायची राहिली, मॅगझिन नीट बसवलं नाही, काडतुसं कमी भरली, किंवा आधीच्या गोळीनंतर चाप पुरेसा पुढे सोडला नाही, हे सगळं अमान्य. पुंगळी बाहेर न पडणं, काडतूस आडवं अडकणं, पिन आदळूनही बार न होणं हे मान्य, आणि मग स्पर्धाप्रकाराप्रमाणे मालिका पूर्ण करायची किंवा पुन्हा झाडायची संधी मिळते. सरावात झटकन बोल्ट खेचायची लागलेली सवय मावळंकर या देशपातळीवरच्या नेमबाजी स्पर्धेच्या दिवशी ऐन वेळी सुटत नाही. सरावातही प्रत्येक वेळी हात वर करा.

अडकण्याचा आकार काय सांगतो

रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडात उभी अडकली असेल, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही किंवा पुंगळी वेळेत फेकली गेली नाही. यातलं कुठलं, हे ओळखायला जमिनीवर बघा. पुंगळ्या पूर्वी चार-पाच फुटांवर पडत होत्या आणि आता पायाशी टपाटप पडतायत, तर बोल्टला जोर कमी मिळतोय. कमी ताकदीची काडतुसं, घाण, नवी टाकलेली जास्त कडक स्प्रिंग, सुकलेले रूळ किंवा सैल मनगट यांत कारण शोधा. पुंगळ्या लांबच पडतायत आणि मधूनच एखादी राहते, तर मात्र ओढणारी नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, आणि फेकणारा इजेक्टर तपासायला हवेत.

मनगटाबद्दल वाद होतो म्हणून थोडं सविस्तर. जड मॅच पिस्तुलात मनगटाचा परिणाम हलक्या पिस्तुलापेक्षा कमी असतो, पण नसतोच असं नाही. बोल्ट मागे जात असताना सगळं पिस्तूलच हातासोबत मागे सरकलं, तर बोल्ट आणि चौकट यांच्यातला फरक कमी होतो आणि बोल्टचा प्रवास अपुरा पडतो. तपासणी अगदी सरळ आहे. मोठ्या, घट्ट हाताच्या नेमबाजाला तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच खोक्यातली काडतुसं द्या. त्याच्या हातात एकदाही अडकलं नाही आणि तुमच्याकडे येताच अडकलं, तर मूठ आणि मनगट यांवर काम करायचं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत हे बरेचदा निघतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मोठ्या हातासाठी केलेली लाकडी मूठ त्यांच्या तळहातात पोकळी सोडते. ती पोकळी लाकडाच्या लगद्यानं किंवा इपॉक्सी पुटीनं भरली की पिस्तूल न बदलता काम होतं.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि बोल्ट तिला न घेता मागे गेला, तर माझा पहिला संशय चेंबरवर असतो, दुसरा नखीवर. .२२ च्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेण किंवा तेलकट लेप असतो. तो आणि न जळलेली भुकटी मिळून चेंबरच्या भिंतीला बसतात, पुंगळी तिथे चिकटते. फक्त चेंबर साफ करा, दुसरं काही करू नका, आणि ५० गोळ्या झाडून बघा. थांबलं तर उत्तर मिळालं. नाही थांबलं, तर नखीच्या खाचेतली काजळी दातकोरणीनं काढा आणि भिंगातून नखीची धार बघा. धार गोल झाली असेल किंवा तिच्यामागची छोटी स्प्रिंग दमली असेल, तर तो भाग बदला. पिस्तुलाच्या किमतीच्या मानानं तो अगदी स्वस्त असतो, आणि तो अंगावर येईपर्यंत न बदलणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

नवं काडतूस नाक खाली करून अडकलं, शिशावर ओरखडा किंवा कापल्याची खूण दिसली, तर दहापैकी बहुतेक वेळा मॅगझिन दोषी. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित वाकलेले, आतली स्प्रिंग मऊ पडलेली, किंवा मॅगझिन पूर्ण बसलेलं नाही. .२२ च्या काडतुसाला मागे कडा असते, म्हणून भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे यायला हवी. उलटी बसली, तर वरचं पुढे सरताना खालच्याच्या कडेला अडतं. भरून झाल्यावर मॅगझिन तळहातावर हलकेच आपटून काडतुसं एका रेषेत आणायची सवय लावा.

नुसतं 'टक्' होऊन बार झाला नाही, तर काडतूस बाहेर काढून कडेवरची खूण बघा. .२२ मध्ये पेटणारं द्रव्य पुंगळीच्या कडेत आतून फिरवून बसवलेलं असतं. क्वचित एखाद्या जागी ते पोचलेलं नसतं. खूण नेहमीइतकी खोल असेल, तर ते काडतूस खराब होतं असं समजा आणि बाजूला ठेवा. खूण उथळ असेल, तर फायरिंग पिनच्या वाटेत घट्ट झालेलं तेल, दमलेली स्प्रिंग, किंवा बोल्ट पूर्ण न मिटणं यांपैकी काहीतरी आहे. पिनची वाट कोरडी ठेवायची असते, तिथे तेल टाकायचं नाही. रिकाम्या चेंबरवर भरपूर ड्राय फायर, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याचा सराव, केल्यानं चेंबरच्या काठावर पिनचा खळगाही पडू शकतो. मग काडतूस आत जाताना तिथे अडखळतं. ड्राय फायर करायचंच, त्याशिवाय नेमबाज घडत नाही. पण चापाची ड्राय फायरची सोय वापरा, नाहीतर .२२ चं डमी काडतूस.

एका वेळी एकच गोष्ट बदला

सगळ्या मॅगझिनांवर रंगानं १, २, ३ आकडे टाका. वहीत मोजके रकाने करा: तारीख, मॅगझिनचा आकडा, काडतुसाचं नाव आणि लॉट (कारखान्याची खेप), कितवी गोळी, कसं अडकलं. एवढंच. महिनाभरात चित्र उमटतं. सगळे जॅम २ नंबरच्या मॅगझिनचे असतील तर प्रश्न मिटला. कायम शेवटच्या गोळीला अडकत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग. सगळे एकाच लॉटचे असतील, तर काडतुसं. साफ केल्यापासून ठरावीक गोळ्यांनंतरच सुरू होत असेल, तर घाण. काहीच सूत्र दिसत नसेल, तेव्हाच मी पिस्तूल उघडून नखी, इजेक्टर आणि स्प्रिंग यांच्याकडे वळतो.

यात एकदम दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. साफ पण केलं, काडतुसंही दुसरी घेतली, मॅगझिनही बदललं आणि जॅम थांबला, तर तुम्हाला काहीच कळलं नाही. तो परत येईल.

काडतुसांबद्दल आपल्या इथली अडचण वेगळी आहे. एली, एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस ही बाहेरून येणारी काडतुसं मिळतील तशी घ्यावी लागतात, आणि आवडलेला लॉट पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. म्हणून लॉट संपत आला की नव्या लॉटचं एक खोकं आधीच झाडून बघा, स्पर्धेच्या आठवड्यात नको. हाय व्हेलॉसिटी काडतुसं घालून "जोर वाढवायचा" उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. मॅच पिस्तुलांची स्प्रिंग आणि बोल्ट स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी जुळवलेले असतात. जास्त जोरानं बोल्ट मागे आदळत राहतो आणि चौकटीला, धक्का झेलणाऱ्या बफरला मार बसतो. आज जॅम थांबेल, उद्या तडा जाईल.

पावसाळा

मुंबईत वरळीची रेंज समुद्राच्या काठाला आहे, कोल्हापुरात पाऊस जूनपासून मुक्कामाला येतो, आणि पुण्यात बालेवाडीलाही जुलैत हवा दमटच असते. गंजाच्या भीतीनं सगळे या दिवसांत पिस्तूल तेलानं निथळवतात. ते तेल न जळलेल्या भुकटीत मिसळून लुकण होतं आणि पावसाळ्यातले निम्मे जॅम तिथून येतात. बाहेरच्या पोलादाला तेलाचा पातळ हात, रुळांवर एक-एक थेंब, चेंबर आणि पिनची वाट कोरडी. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो. पिस्तूल रात्रभर त्यात बंद ठेवू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळेवर बदला. थंडगार एसी गाडीतून थेट दमट रेंजवर आणलं की पोलादावर दव धरतं. पेटी बंदच ठेवून पिस्तुलाला बाहेरच्या हवेइतकं होऊ द्या, मगच उघडा. विदर्भात मे महिन्यात उलटा त्रास होतो: गाडीच्या डिकीत राहिलेल्या काडतुसांचं मेण मऊ होतं आणि त्याला धूळ चिकटते. काडतुसं स्वतःबरोबर बॅगेत, सावलीत ठेवा.

आणि तरीही नवं घ्यायचं असेल तर

कधीकधी घ्यावंच लागतं. क्लबचं पिस्तूल पाच जणांत वाटलेलं असतं, किंवा जुन्या मॉडेलचे भाग मिळेनासे होतात. स्विस हॅमर्ली २०८ चंच बघा. अप्रतिम नेम, नामांकित चाप, पण उत्पादन केव्हाच थांबलं, आणि नखी किंवा मॅगझिन शोधायला वणवण करावी लागते. असं पिस्तूल हौसेनं जपावं. रोज सराव करणाऱ्या मुलीच्या हाती देताना मात्र मी दोनदा विचार करीन.

रचनेत एक फरक आधी समजून घ्या. हॅमर्ली २०८ किंवा अमेरिकन स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ मध्ये मॅगझिन मुठीत असतं. वॉल्थर जीएसपी, पार्दिनी एसपी, फाइनव्हेर्कबाउ एडब्ल्यू ९३, मोरिनी सीएम २२ यांत ते चापाच्या पुढे असतं. पुढे असल्यामुळे मूठ हाताला हवी तशी कोरता येते, वजन थोडं पुढे जातं आणि नेम स्थिर वाटतो. मुठीतल्या मॅगझिनच्या पिस्तुलाचा तोल हाताजवळ असतो, काहींना तो आवडतो. जीएसपी १९६८ पासून चालत आलेली रचना आहे आणि त्याच चौकटीवर सेंटर फायर (कडेऐवजी मधोमध पेटणारी काडतुसं) प्रकारासाठी .३२ चा संच बसवता येतो, ही मोठी सोय. यातलं "सर्वांत भरवशाचं" कोणतं, असं एका नावाचं उत्तर मी देत नाही. प्रत्येकाला कुठला ना कुठला लॉट, कुठला ना कुठला हात मानवत नाही.

म्हणून पारख तुमच्या काडतुसांनी आणि तुमच्या हातानं करायची. विकणाऱ्यानं रेंजवर स्वतः पाच गोळ्या झाडून दाखवल्या, त्याला मी चाचणी म्हणत नाही. तुम्हाला वर्षभर मिळणारी दोन वेगवेगळी काडतुसं घेऊन जा. पिस्तूल मध्ये साफ न करता सुमारे २०० गोळ्या झाडा, पिस्तुलाबरोबर येणाऱ्या प्रत्येक मॅगझिनमधून. निम्म्या गोळ्या रॅपिडच्या तालावर, तीन सेकंद आणि सात सेकंद, हात खालून वर नेत. शेवटच्या ५० मध्ये काय होतं ते लक्ष देऊन बघा, कारण घाण साचल्यावर पिस्तूल कसं वागतं हे तिथे दिसतं. एखादा जॅम झाला म्हणून लगेच नाकारू नका. तो वहीत लिहा, त्याचा आकार बघा. मॅगझिनचा असेल तर मॅगझिन बदलता येतं. चेंबर स्वच्छ असतानाही पुंगळी आत राहत असेल, तर सौदा थांबवा.

हाताळणीची पारख गोळी न झाडता सुरू होते. रिकामं पिस्तूल धरून डोळे मिटा, हात वर न्या, डोळे उघडा. मागची खाच आणि पुढचं पातं एका रेषेत आलेलं आहे का? दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर मूठ जुळत नाही. ती कोरून, भरून, कोन बदलून जुळण्यासारखी आहे का ते प्रशिक्षकाला विचारा. मग चाप. २५ मीटरच्या पिस्तुलांना चापाचं वजन किमान १००० ग्रॅम हवं. नळी उभी धरून वजन उचलून बघा, तेही पाच-सहा वेळा, कारण पहिल्यांदा उचलून नंतर सोडणारा चाप स्पर्धेच्या तपासणीत दगा देऊ शकतो. पिस्तुलाचं एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि ते ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. जास्तीची वजनं आणि भरलेली मूठ लावल्यावर हे मोजा, नुसत्या मूळ पिस्तुलाचं नको.

इलेक्ट्रॉनिक चाप घ्यायचा की साधा, यावर घरोघरी वाद रंगतात. इलेक्ट्रॉनिक चाप हाताला फार एकसारखा लागतो, यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर बॅटरी, जोडणी आणि ओलावा यांची काळजी येते, आणि रेंजवर स्क्रू ड्रायव्हरनं तो दुरुस्त होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या १० मीटर एअर पिस्तुलाची लिव्हर तुटली आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर, बाराव्या क्रमांकावर राहिली. एअर पिस्तूल वेगळं यंत्र, पण एका छोट्या भागावर किती अवलंबून असतं ते त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं. तीच मुलगी पॅरिसला २०२४ मध्ये २५ मीटरच्या पात्रता फेरीत ५९० गुणांनी अंतिम फेरीत गेली. तुमच्या शहरात किंवा संघात इलेक्ट्रॉनिक चाप उघडू शकणारा माणूस असेल तर घ्या. नसेल तर माझा कौल साध्या चापाला.

वापरलेलं घेताना भिंग आणि टॉर्च घेऊन जा. चेंबरच्या काठावर पिनचा खळगा, नखीची गोल धार, बोल्टच्या रुळांना तडे, झिजलेला किंवा चुरा झालेला बफर, वाकलेले मॅगझिनचे ओठ, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. आधीच्या मालकानं कुठली काडतुसं वापरली ते नक्की विचारा. आणि परवान्याची, हस्तांतरणाची कागदपत्रं पूर्ण होण्याआधी पिस्तूल घरी नेण्याचा विचारही करू नका. ओळखीतला सौदा असला तरी.

इंडोनेशियात पालेमबांगला २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं ते ३४-३४ बरोबरीनंतर, दोन शूट-ऑफ झाडून. अशा वेळी एकेका गोळीवर पदक ठरतं, आणि पिस्तुलानं दगा दिला तर वर्षानुवर्षांची मेहनत रेंजवरच राहते. तेव्हा पैसे मोजताना पिस्तुलाबरोबर किमान दोन जादा मॅगझिनं, एक नखी तिच्या स्प्रिंगसकट, एक रिकॉइल स्प्रिंग, एक फायरिंग पिन आणि बफर असतील तर त्यांचा एक संच आत्ताच मागवून घ्या. नंतर आयातीला महिने लागतात. विक्रेता हे भाग देऊ शकत नसेल, तर ते पिस्तूल कितीही गोड चाललं तरी दुसरं बघा.